बोरीवलीहून गावाकडे : जवळची वाट कोणती?

सुगी आटोपली, परीक्षा संपल्या, गणपती जवळ आले, की गावातल्या घराघरांतून एकच विचारणा सुरू होते, "पोरं कधी निघणार?" आणि तिकडे बोरीवलीच्या दोन खोल्यांत दुसरीच विचारणा चाललेली असते, "जायचं कोणत्या रस्त्यानं?"

पूर्वी हा प्रश्न नव्हता. नॅन्सी कॉलनीच्या नाहीतर सुकुरवाडीच्या स्टँडवर एस.टी. धरायची, रस्त्याची काळजी ड्रायव्हरनं वाहायची. आजही कितीतरी माणसं तशीच जातात, आणि ते चांगलंच आहे. पण आता पुष्कळांनी घरची गाडी घेतली आहे. कुठे चार बिऱ्हाडं मिळून भाड्याची जीप ठरवतात. म्हणजे वाट निवडण्याचं काम घरच्याच माणसावर आलं.

हे काम वाटतं तेवढं हलकं नाही. गाडीत म्हातारी आई असते, मांडीवर मूल असतं, आणि हातात चार दिवसांची रजा असते. गाडी घोडबंदरला तीन तास अडकली, की त्या रजेतली एक सकाळ तिथंच जाते. मग गेलेला वेळ भरून काढायला पुढं गाडी दामटली जाते. खरा धोका त्या दामटण्यात आहे. म्हणून वाटेचा विचार घरी बसून, निघायच्या आधीच करावा.

बोरीवलीची ठेवण

आधी बोरीवली कशी वसली आहे ते पाहू. पश्चिमेला गोराईची खाडी, पूर्वेला डोंगर आणि जंगल. मधल्या पट्टीतून रेल्वे आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग उत्तर-दक्षिण धावतात. पूर्वेचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पलीकडे ठाणं. पाखराला ठाणं हाकेच्या अंतरावर आहे, माणसाला मात्र डोंगराला वळसा घालावा लागतो. नाशिककडे जाणारा उत्तरेनं दहिसर नाका, काशिमिरा करत घोडबंदरला वळतो. पुणे-कोकणाकडे जाणारा दक्षिणेला येऊन जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानं पूर्वेला निघतो. या डोंगराच्या पोटातून मागाठाण्याहून थेट ठाण्याला जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. तो होईल तेव्हा होईल, तोवर वळसा आहेच.

याच डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. त्या काळी कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून नाणेघाटानं जुन्नरला आणि पुढं पैठणला जाई. कोणता घाट धरायचा, कधी निघायचं, पाणी कुठं, मुक्काम कुठं, हे प्रश्न त्या तांड्यांनाही होते. दोन हजार वर्षांनी बैल जाऊन मोटार आली, पण प्रश्न तेच राहिले.

आधी वेळ, मग रस्ता

रस्त्याला गर्दी असते असं आपण म्हणतो, पण गर्दी खरं तर वेळेला असते. सकाळी बोरीवलीचा महामार्ग दक्षिणेकडे, कचेऱ्यांच्या दिशेनं तुंबतो, आणि संध्याकाळी तोच लोंढा उत्तरेला परततो. म्हणून कोकणाकडे किंवा पुण्याकडे निघायचं तर पहाटे पाचच्या आत घर सोडावं. सकाळी सात वाजता उत्तरेला निघणाऱ्याचं चालून जाईल, संध्याकाळी सात वाजता निघणाऱ्याचं नाही.

"रात्री निघू, रस्ता मोकळा असतो," असं पुष्कळजण म्हणतात. शहरातल्या रस्त्याबद्दल ते खरं आहे, घोडबंदरबद्दल नाही. अवजड गाड्यांना ठाणे शहरात दिवसा ठरावीक वेळी बंदी असते. ती उठली, की उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे मोठे कंटेनर रात्री याच वाटेला लागतात. गायमुखचा घाट एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला खाडी यांच्यात दबलेला आहे. तिथं एक ट्रक बंद पडला, की मागं मैलभर रांग लागते.

नाशिकच्या वाटेचं आपल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री निघून उजाडायच्या आत मुंबईच्या बाजारात शिरतात. पहाटे ती गर्दी मुंबईकडे येणाऱ्या बाजूला असते, जाणारी बाजू त्या मानानं हलकी असते. म्हणून गावाकडे निघायला पहाटच चांगली.

नाशिकच्या दोन वाटा

बोरीवलीहून नाशिकला जाण्याची रुळलेली वाट म्हणजे घोडबंदर, ठाणे, भिवंडीचं वळण, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. अंतर साधारण १६० किलोमीटर. पहाटे निघाल्यास हीच वाट सर्वांत सोपी. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी निघाल्यास मात्र ठाणे ते भिवंडी हा तुकडाच जीव काढतो. शेजारी गोदामांची वस्ती उभी आहे, तिथले ट्रक त्याच रस्त्यावर येतात.

दुसरी वाट जव्हारची. घोडबंदरला उजवीकडे न वळता वसईच्या खाडीचा पूल ओलांडून सरळ अहमदाबादच्या रस्त्यानं मनोरला जायचं. तिथं महामार्ग सोडून विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिक गाठायचं. तीसएक किलोमीटर जास्त पडतात, घाट-वळणं आहेत, पण ट्रकांच्या रांगा नाहीत.

ही वाट नुसती जाण्याची नाही, पाहण्याचीही आहे. विक्रमगड सोडलं, की सागाचं रान लागतं आणि रस्ता चढू लागतो. श्रावण-भाद्रपदात उतारावर नाचणी-वरईची हिरवी खाचरं दिसतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी यांचे हे पाडे. पावसाळ्यात एवढं पाणी कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात बायांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते, हेही शहरातल्या पोरांना गाडीतून दाखवावं. जव्हार हे मुकणे राजांच्या संस्थानचं गाव. जयविलास राजवाडा आजही उभा आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले तेव्हा याच बाजूनं गेले आणि जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले, असं इकडचे लोक अभिमानानं सांगतात. राजमार्ग टाळून डोंगरातली वाट धरणं ही आपल्या मातीतली जुनी हुशारी आहे.

पुढं मोखाडा, मग तोरंगणचा घाट, आणि समोर ब्रह्मगिरी. गोदावरी जिथं उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरला पाय धुवून नाशिक केवळ २८ किलोमीटर उरतं.

पण या वाटेची एक अट आहे. ती दिवसाउजेडी धरावी. पेट्रोल-डिझेल मनोरलाच भरून घ्यावं, पिण्याचं पाणी सोबत असावं. मुसळधार पावसात घाटात दरड आली का, हे जव्हारला चहाच्या टपरीवर विचारूनच पुढं जावं. रात्री, धुक्यात, अनोळखी वळणांवर ही वाट धरण्यापेक्षा भिवंडीची रांग बरी.

मनोरहून वाड्यामार्गे भिवंडीला उतरणारा आणखी एक रस्ता नकाशावर मोह घालतो. पण तो ट्रकवाल्यांनाही ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली आडवाट ही आडवाट राहत नाही.

समृद्धीचा रस्ता

खानदेश, मराठवाडा, वऱ्हाडाकडे जाणाऱ्यांसाठी आता समृद्धी महामार्ग झाला आहे. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. आमणे हे भिवंडी तालुक्यातलं गाव, म्हणजे बोरीवलीकराला ठाण्याची गर्दी पार करूनच तिथं पोचावं लागतं. पुढं इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यामुळं कसाऱ्याचा घाट टळतो. मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना या रस्त्यावर मनाई आहे, हे लक्षात ठेवावं.

इथं गर्दी नाही, खड्डे नाहीत, वळणंही थोडी. तरीसुद्धा १ जुलै २०२३ रोजी, रात्री दीडच्या सुमारास, सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा बरीच झाली. आपण आपल्यापुरता एवढा धडा घ्यावा, की सरळ, रिकामा रस्ता डोळ्यांवर झोप आणतो. दर दोन तासांनी थांबावं, खाली उतरून पाय मोकळे करावेत. झोप आली तर गाडी विसाव्याच्या जागी लावून सरळ झोपावं. अर्धा तास उशिरा पोचलेल्याला कुणी रागावत नाही.

गर्दी कमी म्हणजे धोका कमी, असं नाहीच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद रस्त्यावर चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. दिवस रविवारचा, वेळ दुपारची, गाडी भारी. मागच्या बाकावरचे दोघे गेले. त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागं बसलेल्या आजीनंही पट्टा बांधावा, तो काही फक्त ड्रायव्हरसाठी नाही.

कोकणची वाट

गणपतीला बोरीवलीतून निघणारा सर्वांत मोठा लोंढा कोकणाकडे. पनवेल, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण ही त्यांची सरळ वाट. या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि ते दशकाहून अधिक काळ रखडलं. कशेडीच्या बोगद्यानं जुना वळणांचा घाट मात्र वाचवला.

इथं एकच हिशेब करावा : आपलं गाव कुठं? खेड-चिपळूणच्या माणसानं देशावरून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. त्यानं सरळ वाटच धरावी, दिवस मात्र बदलावा. चतुर्थीच्या आदल्या रात्रीऐवजी दोन दिवस आधी पहाटे निघावं. कणकवली-सावंतवाडीकडच्या माणसाला पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करून फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीच्या घाटानं खाली उतरणं सोयीचं पडतं. रत्नागिरी-लांज्याच्या माणसानं आंबा घाटाचा विचार करावा. अंतर थोडं वाढतं, पण कोल्हापूरपर्यंत चांगला रस्ता मिळतो. सणाच्या दिवसांत सरकार कोकण महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतं आणि गणेशभक्तांना टोलमाफीचे पास देतं. ते आधी काढून ठेवावेत.

पावसात मात्र आधी चौकशी, मग गाडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि इंग्रजांच्या काळचा दगडी पूल वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतली माणसं त्याबरोबर गेली. पुढच्याच वर्षी तिथं नवा पूल झाला. पण गेलेली माणसं आली नाहीत.

रिकामा रस्ता कुणाचा?

आता एक गोष्ट आपल्या, म्हणजे गावाकडच्या बाजूची. शहरातला माणूस ज्याला रिकामा रस्ता म्हणतो तो कुणाच्या तरी दारातला रस्ता असतो. त्यावरून पोरं शाळेत जातात, गुरं रानातून परततात, म्हातारा माणूस कडेला बसलेला असतो. आडवाटेला लागलेल्या आपल्या लेकरांना आपणच बजावावं, की गाव दिसलं की वेग उतरव.

आणि आपणही आपलं पाहावं. उसाच्या हंगामात ट्रॉली रात्री मागच्या दिव्याविना रस्त्यावर येते. अंधारात मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून तांबडी चमकती पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. कदाचित मागून येणारी गाडी आपल्याच मुलाची असेल.

मोबाइलवरचा नकाशा हल्ली बरीच मदत करतो. पण ओढ्याला पाणी आलंय, घाटात काल दरड पडली, बाजारामुळं आज पेठेतला रस्ता बंद आहे, हे तुमच्याइतकं त्याला ठाऊक नसतं. म्हणून मुलं निघायच्या आदल्या रात्री फोन करून रस्त्याचा हाल सांगा. एकदा ती निघाली, की मग दर अर्ध्या तासानं "कुठवर आलात?" म्हणून विचारू नका. चालवणाऱ्याचा हात फोनकडे जातो. थांबतील तेव्हा ती कळवतील.

कमी किलोमीटरांची वाट जवळची, असं समजू नये. जी वाट सगळ्यांना धडधाकट आणून दारात उभं करते, तीच जवळची. चुलीवरचं पाणी थोडं जास्त वेळ तापलं तरी चालेल.