नळदुर्गचे टेलरसाहेब

नळदुर्गचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाळ्यात पाणीमहालावरून बोरी नदीचं पाणी कोसळतं तेव्हा तर बघायला गर्दी होते. पण १८५३ साली याच नळदुर्गला कारभार पाहायला आलेले इंग्रज अधिकारी मोठे कादंबरीकार होते, हे मला गुरुजींकडून कळलं. त्यांचं नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरसाहेबांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. पंधराव्या वर्षी ते नोकरीसाठी मुंबईला आले आणि सोळाव्या वर्षी निजामाच्या फौजेत अधिकारी झाले. म्हणजे आपल्या दहावीच्या दादाएवढेच! शाळा लवकर सुटली, पण शिकणं सुटलं नाही. इथल्या भाषा, जमीन-मोजणी, कायदा हे सगळं ते आपलं आपण शिकले. ठगांच्या हकिकतींवरची त्यांची कादंबरी १८३९ मध्ये विलायतेत फार गाजली. १८६३ च्या 'तारा' कादंबरीत तर आपलं तुळजापूर आहे.

घरी हे सांगितलं तर आबा म्हणाले, "परका साहेब त्यो. त्याचं कवतिक कशाला रं?"

मी विचारात पडलो. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग मी त्यांना सुरपूरची हकिकत सांगितली. सुरपूर आता कर्नाटकात आहे. तिथल्या लहानग्या राजाला, वेंकटप्पा नायकाला, टेलरसाहेबांनी मुलासारखं वाढवलं. पुढे १८५८ मध्ये तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. साहेब त्याला कैदेत भेटायला गेले. राजाने साथीदारांची नावं सांगितली नाहीत. त्याच वर्षी, कैदेत असतानाच, पिस्तुलाची गोळी लागून तो गेला.

राजा साहेबांच्या सरकारचा शत्रू होता. तरी त्याची माया आणि त्याचा बाणेदारपणा साहेबांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये छापलं गेलं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग भूकंपाचं बी कुणीतरी लिवाया पायजे."

१९९३ च्या भूकंपात आबांनी ढिगाऱ्यातून माणसं काढली होती. ते आजवर त्यावर कधी बोललेच नव्हते. आता रोज जेवणं झाली की ते सांगतात आणि मी वहीत लिहितो. नऊ पानं झाली.

शाळेत आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. तुम्ही जे पाहिलं, सोसलं, ते आम्हा मुलांना सांगा. आम्ही लिहून ठेवू.