कमी रक्त, थोडा गोंद

सिऱ्होसिस हा शब्द घरात आला की भेटीला येणाऱ्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दारूविषयीचा असतो. आपल्या घरी हा आजार असेल, तर ती नजर आपल्या परिचयाची असेल. माझ्या यजमानांनी दारूला कधी स्पर्शही केला नाही. अनेक वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठत गेलेली चरबी यांनी मुकाट्याने आपले काम केले. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या विषाणूंमुळेही हेच घडते. आणि दारूमुळे घडले असले, तरी शुश्रूषा काही कमी लागत नाही! हे आधी सांगते, कारण लाजेपायी लपवलेल्या आजाराचे कागद ऐन वेळी सापडत नाहीत.

यकृत निबर झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून वाट मिळेनाशी होते. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, काहींच्या जठरातही, शिरा फुगतात. अन्ननलिकेतल्या शिरांना एंडोस्कोपीतून रबराची बारीक कडी बसवतात. ते ‘बँडिंग’ आपण ऐकले असेल. जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरांचे मात्र तसे नाही. त्या जाड आणि खोलवर असतात. तेथे कडी नीट धरत नाही, आणि ती गळून पडली तर मोठी जखम उघडी राहते. दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये या शिरांचे जागेनुसार केलेले वर्गीकरण आज जगभर वापरले जाते. जठरातल्या शिरा कमी वेळा फुटतात, परंतु फुटल्या तर रक्तस्राव मोठा होतो, हेही त्या अभ्यासात दिसले.

यजमानांना रक्ताची उलटी झाली तेव्हा डॉक्टरांनी “शिरेत गोंद घालावा लागेल” असे सांगितले आणि माझे दीर अवाक् झाले. आपणही व्हाल. हा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्याच कुळातला. रक्ताचा स्पर्श होताच तो घट्ट होतो आणि शीर आतून बुजते. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या डॉ. सोहेन्द्र यांनी १९८६ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. त्यात धोका नाही असे नव्हे. क्वचित गोंदाचा कण रक्ताबरोबर फुप्फुसापर्यंत जातो. गोंदाने भागले नाही, तर मानेतल्या शिरेतून यकृतात नळी बसवून दाब उतरवणे किंवा त्या शिरांची वाट बाहेरून बंद करणे, हे पुढचे मार्ग असतात. ते मोठ्या रुग्णालयांतच होतात.

दुसरा धक्का रक्ताच्या पिशव्यांचा. दिरांनी धावपळ करून चार रक्तदाते उभे केले, आणि डॉक्टरांनी एकच पिशवी लावली. “सगळ्या द्या की, डॉक्टर!” असे दीर काकुळतीने म्हणाले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “काका, धरणाची भिंत तडकलेली असताना आपण वरून आणखी पाणी सोडाल का?” अधिक रक्त दिले की तुंबलेल्या शिरांतला दाब वाढतो आणि बुजलेले तोंड पुन्हा उघडू शकते. म्हणून हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले तरच रक्त देतात आणि ते ७ ते ८ च्या आसपास राखतात. बार्सिलोनामध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे हात राखून रक्त दिलेल्या रुग्णांपैकी अधिक जण वाचले. अतिशय वेगाने रक्त जात असेल किंवा हृदयविकार असेल, तर हिशेब बदलतो. तो डॉक्टरांनीच करायचा.

ताप नसताना अँटिबायोटिक का, हाही प्रश्न आपल्या मनात येईल. रक्तस्रावानंतर अशा रुग्णाला जंतुसंसर्ग फार लवकर होतो, आणि तोच पुष्कळदा जीवघेणा ठरतो.

तिसऱ्या रात्री यजमान मला ओळखत होते, पण आपण कोठे आहोत हे त्यांना उमगत नव्हते. पोटात उतरलेले रक्त आतड्यात पचते, त्यातून अमोनिया बनतो आणि दुबळे यकृत तो गाळू शकत नाही. लॅक्टुलोजचे ते अतिगोड औषध त्यासाठीच असते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होते की नाही, हे विचारायला संकोच वाटतो. तरी मी रोज विचारते आणि वहीत लिहिते. यजमान चिडतात. चिडू द्यावे.

गोंद एकदा घातला की संपले, असे नसते. शिरा पूर्ण बुजेपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा एंडोस्कोपी होते. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलची गोळी दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून देऊ नयेत. शौच डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण तो निवाडा घरी करण्याचा नाही. रक्ताची उलटी झाल्यास रुग्णाला कुशीवर निजवावे, तोंडाने पाणीही देऊ नये, आणि जुना एंडोस्कोपीचा अहवाल बरोबर घ्यावा.

आमच्याकडे तो अहवाल दाराजवळच्या खुंटीवरील पिशवीत असतो. आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री एंडोस्कोपी होते, आणि शिरेत गोंद घालू शकणारे डॉक्टर तेथे असतात का, हे दोन प्रश्न आजच फोन करून विचारून ठेवा. उत्तर अहवालाच्या पाठीवर लिहा.