येळवशीचें रानभोजन

सन २०१९ मध्यें मार्गशीर्षाची अमावास्या २५ डिसेंबरला लागली, आणि २६ तारखेच्या सकाळीं सूर्यग्रहण होतें. ग्रहणांत स्वयंपाक कसा करावयाचा? म्हणून परभणी जिल्ह्यांत गंगाखेडजवळ, आमच्या ताईंच्या सासरीं, वेळा अमावास्या, म्हणजे तिकडच्या बोलींतील येळवस, आदल्या दिवशींच, ऐन नाताळांत, करण्याचें ठरलें. आणि आम्हांस सहकुटुंब बोलावणें आलें. परभणीहून आगगाडीनें गोदावरी ओलांडून आम्ही संत जनाबाईंच्या त्या गांवीं उतरलों.

या सणास सारें कुटुंब रानांत जेवावयास जातें. कडब्याची कोप उभारलेली होती; आंत चुन्यानें रंगविलेले पांच दगड, तेच पांडव. पूजा झाली, पिकावर आंबील शिंपडली, आणि पंगत बसली.

पानांत काय वाढावें हें येथें यजमानांच्या आवडीवर नसतें. त्या दिवसांत रान जें देईल तें. मुख्य पदार्थ भज्जी. नांवावरून वाचकांनीं तळलेलीं भजीं समजूं नयेत. हरभऱ्याचे ओले दाणे, तूर, पावटा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, चुका, गाजर हें सारें एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ घालून व बेसन लावून ती घट्टसर करितात. जोडीस बाजरीचे उंडे, आणि ताकांत ज्वारीचें पीठ आंबवून केलेली थंडगार आंबील. ज्याला स्वतःचें शेत नाहीं त्यासही आग्रहाचें बोलावणें असतें.

हें पाहून आम्हांस पोलंडची आठवण झाली. १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें ज्यांची छावणी होती, त्या पोलिश लोकांच्या देशांत नाताळच्या पूर्वसंध्येचें बारा पदार्थांचें जेवण परंपरेनें मांसावांचून होतें, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं एक पान रिकामें ठेवितात.

भज्जी वाढतांना ताईंच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “हरभरा तेवढा आपल्या रानचा. पावटा न् वाटाणा बाजारचा. पूर्वी भज्जीसाठी बांध सोडून कुठं जावं लागत नव्हतं.”

आम्हीं पाहिलें तों खरेंच. खरिपांत सोयाबीन नि कापूस, मागून हरभरा, बांध मोकळे. सोयाबीनचा पैसा रोकडा मिळतो, त्यास दोष कसा द्यावा? परंतु भज्जीस अनेक पिकें लागतात. “सगळं विकतच आणायचं, तर मग रानात तरी कशाला यायचं?” असें त्यांच्या नातवानें, म्हणजे आमच्या भाच्यानें, मोकळेपणीं विचारलें.

सासूबाईंनीं वाद घातला नाहीं. निघतांना त्यांनीं शेजारणीकडून मागून आणलेल्या पावट्याच्या बियांची पुरचुंडी त्याच्या हातीं दिली, व पावसाळ्यांत एवढा एक बांध तरी पेर, इतकेंच सांगितलें. त्यानें ती खिशांत जपून ठेविली.