कोणता बरा? आधी चाल सांगा!

विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर रेंज गेली की चुकामूक ठरलेलीच. टॉवरवाचून फोनांनीच एकमेकांचे निरोप पुढे ढकलले तर? हा विषय मी हौसेने प्रोजेक्टला घेतला आणि परळच्या घरी एनएस-२ हा नेटवर्क सिम्युलेटर उघडून बसले. डीएसडीव्ही, डीएसआर, एओडीव्ही असे तीन राउटिंग प्रोटोकॉल पळवायचे आणि कोणता बरा ते लिहायचं, एवढंच!

डीएसडीव्ही १९९४ चा, चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांचा. त्यात प्रत्येक नोड, म्हणजे फोन, सगळ्या वाटांचा तक्ता कायम जवळ बाळगतो आणि शेजाऱ्यांना कळवत राहतो. एओडीव्ही गरज पडली तरच विचारतो, लालबागला उतरून आपण ‘दादा, चिवडा गल्ली कुठे?’ विचारतो तसा. डीएसआरही गरजेपुरतंच विचारतो, पण सगळे टप्पे पॅकेटवरच लिहून देतो.

रन संपला की हाती येते लांबलचक ट्रेस फाइल. ओळीच्या सुरुवातीला ‘एस’ म्हणजे पाठवलं, ‘आर’ म्हणजे मिळालं, ‘डी’ म्हणजे गळालं. ‘डी’च्या ओळीत ‘एनआरटीई’ असेल तर वाट सापडली नाही, ‘आयएफक्यू’ असेल तर पाठवायची रांगच भरली. मोजायला बसले तर पॅकेट पोचवण्यात एक पुढे, जादा निरोप कमी पाठवण्यात दुसरा. नोड जरा जास्त वेळ थांबवले की निकाल पुन्हा फिरायचा.

सर म्हणाले, “माणसं चालतात कशी ते आधी सांग.”

मग याच प्रोटोकॉलांची तुलना करणारा कार्नेगी मेलनचा १९९८ चा गाजलेला पेपर काढला. १५०० बाय ३०० मीटरची जागा, ५० नोड, ९०० सेकंद. नोड वाटेल तिकडे सरळ जातो, थांबतो, पुन्हा निघतो. कमाल वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! अशा धावपळीत डीएसडीव्हीचे तक्ते शिळे होणारच. पण लालबागच्या दर्शनाच्या रांगेत कोण असं पळतं? तिथे माणूस इंच इंच सरकतो. मी नोड तसे दाटीने उभे केले, तेव्हा ‘एनआरटीई’ जवळजवळ दिसेना, ‘आयएफक्यू’ मात्र वाढले. एकाने वाट विचारली की सगळे शेजारी तोच प्रश्न पुढे ओरडतात, आणि चॅनेल तुंबतो.

२००० साली दास, पर्किन्स आणि रॉयर या संशोधकांनाही असाच दुहेरी निकाल मिळाला होता: नोड आणि धावपळ कमी असेल तर डीएसआर सरस, ताण वाढला की एओडीव्ही.

त्यामुळे माझ्या अहवालात ‘सर्वोत्तम’ असा रकाना नाही. लालबागची रांग एकीकडे, संध्याकाळचा दादरचा पूल दुसरीकडे, असे दोन वेगळे तक्ते आहेत. पुलाचा तक्ता अजून कोराच आहे. तिथे लोक कसे वळतात, कुठे अडतात, हे एनएस-२ थोडंच सांगणार? त्यासाठी वही घेऊन पुलावरच उभं राहायला हवं.