नाशिकच्या द्राक्षबागेत: वाईन, चव आणि वय

नाशिक शहराच्या पश्चिमेस गोदावरीवर गंगापूर धरण आहे. त्याच्या जलाशयाभोवतीच्या उतारांवर आज दूरवर द्राक्षवेलींच्या रांगा दिसतात. सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि निचऱ्याची जमीन द्राक्षाला मानवते. येथे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या छाटणीने काडी तयार होते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीने फळ धरते. २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला आलेली कुटुंबेही वाटेत एखादी वाईनरी पाहून जातात.

जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. वाईनचे द्राक्ष आपल्या खाण्यातल्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. रस आंबताना यीस्ट त्यातील साखरेचे अल्कोहोल बनवते. साली रसासोबत ठेवल्या की रेड वाईनला रंग आणि तुरटपणा येतो. व्हाईट वाईनसाठी रस आधीच वेगळा काढतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ आणि शिराझ ही नावे येथे वारंवार कानी पडतात.

चव घेण्याची रीत शांतपणाची आहे. पेला दांड्याशी धरावा, म्हणजे हाताच्या उष्णतेने वाईन तापत नाही. तो एकतृतीयांशच भरावा. प्रथम रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, मग लहानसा घोट जिभेवर क्षणभर खेळवावा. व्हाईट वाईन ८ ते १२ अंश सेल्सिअसला द्यावी. रेड वाईन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असे म्हणतात. पण ती खोली थंड युरोपातली. आपल्या उन्हाळ्यात तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी अथवा टाकून द्यावी.

अशा सहलीआधी दवाखान्यात हमखास प्रश्न येतो: "डॉक्टर, बाबांना थोडी रेड वाईन चालेल ना? हृदयाला चांगली असते म्हणतात." उत्तर स्पष्ट आहे. औषध म्हणून वाईन कोणीही सुरू करू नये. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. वाईन ही चवीची गोष्ट आहे. तिचा विचार तेवढाच करावा.

वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. म्हणून तोच पेला सत्तरीत रक्तात अधिक चढतो. तोल जातो आणि रात्री पडण्याचा धोका वाढतो. झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी गाढ होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते. वॉरफेरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाची भीती असते. यकृताचा विकार, स्मृतिभ्रंश किंवा पूर्वी व्यसन असलेल्यांनी घोटही घेऊ नये.

चव घेण्याच्या दालनात एका वेळी साधारण ३० मिलिलिटर वाईन देतात. थोडीशीच वाटते, परंतु असे पाच नमुने म्हणजे १५० मिलिलिटर, अर्थात पूर्ण एक पेला आणि सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, त्यांनी एक-दोन नमुन्यांवर थांबावे, रिकाम्या पोटी घेऊ नये आणि सोबत पाणी प्यावे. चव घेऊन वाईन भांड्यात थुंकणे हा तेथे शिष्टाचारच मानला जातो. त्यात संकोच नको. परतताना घाटात गाडी चालवणाऱ्याने मात्र काहीच घेऊ नये.

सोबत ज्येष्ठ असतील तर निघण्यापूर्वीच त्यांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मनाई असेल तर आजी-आजोबांच्या हाती तसाच दांड्याचा पेला द्यावा, त्यात द्राक्षाचा किंवा लिंबाचा ताजा रस ओतावा आणि तो सगळ्यांच्या बरोबरीने द्यावा. "तुम्हांला चालत नाही" असे चारचौघांत ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. जलाशयावरची संध्याकाळ सर्वांनाच चालते.