तेरियाकी चिकन आणि दीडपटीचा हिशोब



'मला गणित येतच नाही,' असं तुमच्या घरात किंवा वर्गात कोणी म्हणतं का? माझी पाचवीतली लेक यंदा असं म्हणायला लागली. अपूर्णांकांची वही उघडली की तिचं पोट दुखायचं. मी स्वतः प्राथमिक शिक्षक, त्यामुळे ते जास्तच टोचायचं. म्हणून एका रविवारी वही बाजूला ठेवली आणि तिला ओट्यापाशी बोलावलं.

बेत होता तेरियाकी चिकनचा. हा जपानी पदार्थ. 'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजलेलं. चव गोड-खारट. तिकडे त्यात मिरिन ही तांदळाची गोडसर दारू घालतात. आम्ही तिच्याऐवजी गूळ आणि थोडं व्हिनेगर वापरतो.

चार माणसांसाठी आमचं प्रमाण असं:
- बोनलेस चिकन अर्धा किलो
- सोया सॉस 4 चमचे
- किसलेला गूळ 3 चमचे
- व्हिनेगर 1 चमचा
- पाणी 4 चमचे
- किसलेलं आलं-लसूण

चमचा पोह्याचा. सोया सॉस खारट असतो, म्हणून वरून मीठ घालायचं नाही.

त्या दिवशी आत्या आणि काका येणार होते, म्हणजे माणसं सहा. मी एवढंच म्हणालो, "तूच सांग, काय किती घ्यायचं?" ती बोटं मोजत म्हणाली, "चाराचे सहा, म्हणजे दीडपट. तीन चमचे गुळाचे साडेचार." चिकनचं काय? "अर्धा आणि पाव, पाऊण किलो!" बघा, पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेत आयतेच आहेत. पुस्तकातल्या ¾ ला घाबरणारं मूल पाऊण किलोला घाबरत नाही.

कच्चं चिकन मी हाताळलं आणि साबणाने हात धुतले. पसरट कढईत थोड्या तेलावर तुकडे दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले. जाड तुकडा कापून आत गुलाबी नाही ना, तेही पाहिलं. मिश्रण शेवटी ओतलं, कारण गूळ लवकर करपतो.

आता तिचा प्रश्न आला, "पप्पा, मग वेळपण दीडपट लागेल का?"

मंडळी, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. साहित्य प्रमाणात वाढतं, पण वेळ तसाच वाढेल असं नाही. रस आटतो म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. ते किती लवकर जाईल हे आच आणि भांड्याच्या पसरटपणावरही अवलंबून असतं. म्हणून मी मिनिटं सांगितलीच नाहीत. "बघत राहा. लाडवाच्या पाकाला आजी काय करते?" "बोटांत तार बघते." "इथे गरम रसाला बोट लावायचं नाही. कलथ्याने तळावर रेघ ओढायची. रेघ क्षणभर टिकली की गॅस बंद."

मी शेजारीच उभा होतो. तिने चार वेळा रेघ ओढली. चौथी टिकली. तुकड्यांवर तुकतुकीत थर चढला होता. वर भाजलेले तीळ तिनेच भुरभुरवले.

एका चिकनने गणित पक्कं होत नाही, हे तुम्हाला-मला माहीत आहे. सराव लागतोच. पण "दीडपट मी काढली," असं तिने आत्याला सांगितलं, आणि 'येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला आधी हेच हवं असतं.

पालकहो, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेले बटाटे घ्या. मुलगा असो वा मुलगी, ओट्यापाशी दोघांनाही उभं करा. गॅसपाशी मोठ्यांनी सोबत राहायचं. फक्त उत्तर आधी सांगू नका. आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: माणसं वाढली की काय काय वाढतं, आणि काय वाढत नाही?