भाचीचा रिपोर्ट आणि एक अक्षर



दशलक्षण पर्व संपलं की आपल्याकडे रक्त तपासण्याचा हंगाम सुरू होतो. दहा उपवास झालेल्या कुणाला तरी चक्कर येते, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास निघतं आणि सगळ्या एकमुखाने म्हणतात, "उपवासानं झालं गं." माझ्या भाचीचंही तसंच झालं. हिमोग्लोबिन १०.१. शेजारच्या काकूंनी बीट खायला सांगितलं (आपल्याकडे बीट चालत नाही, हे वीस वर्षं शेजारी राहूनही त्यांच्या लक्षात राहत नाही). ताईने खजूर, काळे मनुके, लोखंडी कढई सगळं सुरू केलं. लोहाच्या गोळ्या तर आधीही तीनदा घेऊन झाल्या होत्या. आकडा जागचा हलायला तयार नव्हता.

या वेळच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्टातल्या खालच्या ओळी वाचल्या. आपण त्या कधी बघत नाही. लाल पेशींची संख्या कमी नव्हतीच, उलट ५८ लाख, म्हणजे जरा जास्तच. पण पेशी लहान. सरासरी आकारमान ८० च्या वर हवं, ते होतं ६४. लोहाचा साठा तपासला, तो ठीक निघाला. मग एचपीएलसी नावाची तपासणी झाली. त्यात हिमोग्लोबिन ए-टू ५.३ टक्के आलं. ते साधारण साडेतीनच्या वर असलं की बीटा थॅलेसिमियाची वाहक, ज्याला मायनर म्हणतात. तिला स्वतःला काहीही आजार नाही. उपवासाचा तर काडीचा संबंध नाही.

आणि हे सगळं सुपारी फुटायच्या तोंडावर.

ताईचा पहिला प्रश्न होता, "माझ्या हातून खाण्यापिण्यात काय चुकलं?" दुसरा तिने विचारला नाही, पण तोंडावर दिसत होता: हे कुणाच्या घरातून आलं? तिला मी सांगितलं, तेच इथे लिहिते.

प्रत्येक पेशीत एक मोठी वही असते असं धरा. अक्षरं फक्त चार: ए, टी, जी, सी. पण लांबी आईकडून आलेल्या प्रतीत तीन अब्ज अक्षरं आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीतही तितकीच. म्हणजे प्रत्येक कृती आपल्याकडे दोनदा लिहिलेली असते. ही वही पेशीच्या आतल्या खोलीत, केंद्रकात, कुलपात असते. ती बाहेर निघत नाही. एखादी कृती लागली की तेवढ्याची चिठ्ठी उतरवून घेतात आणि ती चिठ्ठी बाहेर जाते. बाहेर रायबोसोम नावाचा कारागीर ती तीन-तीन अक्षरं करून वाचतो. प्रत्येक त्रिकुटाला एकेक अमिनो आम्ल ठरलेलं आहे. ती मण्यांसारखी ओवत न्यायची, माळ दुमडली की प्रथिन तयार. 'थांब' सांगणारी त्रिकुटंही आहेत. बीटा ग्लोबिनची माळ १४६ मण्यांची असते. अशा दोन माळा, अल्फाच्या दोन, आणि त्यांच्या कुशीत लोह, हे झालं हिमोग्लोबिन. एका लाल पेशीत त्याचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू मावतात, आणि अशा वीसेक लाख पेशी शरीर दर सेकंदाला नव्याने तयार करतं. (तयार झालेली लाल पेशी आपली वहीच टाकून देते आणि उरलेले १२० दिवस फक्त प्राणवायू वाहते. मला ते वाचून फार कौतुक वाटलं होतं.)

आता खरी गंमत. जुन्या वहीत डिंकाच्या लाडवांची कृती लिहिता लिहिता मध्येच दुधाचा हिशोब लिहिलेला असतो ना, तसंच आपल्या जनुकांतही आहे. बीटा ग्लोबिनच्या कृतीत असे दोन हिशोब आहेत. चिठ्ठी आधी त्यांच्यासकट उतरते, मग हिशोब कापून कृतीचे तुकडे जोडतात. कुठून कापायचं याची खूण हिशोबाच्या सुरुवातीच्या अक्षरांत असते. भाचीच्या एका प्रतीत पहिल्या हिशोबाचं पाचवं अक्षर जी हवं, तिथे सी आहे. बस, एवढंच. कृतीतलं एकही अक्षर बदललेलं नाही, पण कात्रीला खूण नीट सापडत नाही. बहुतेक चिठ्ठ्या भलत्याच जागी कापल्या जातात आणि त्या वाया जातात. भारतात बीटा थॅलेसिमियामागे सगळ्यांत जास्त आढळणारा बदल हाच. तिची दुसरी प्रत शाबूत आहे म्हणून तिचं नीट चाललंय, फक्त पेशी थोड्या लहान.

अशी अक्षरं बदलतात कशी? पेशीची दोन होताना सगळी वही पुन्हा उतरवायची असते. उतरवणारे कसबी आहेत, मागे वळून तपासतातही, आपल्या पोथ्या लिहिणारे तपासत तसं. तरी एखादं निसटतंच. उन्हाने, तंबाखूच्या धुरानेही अक्षरं बिघडतात, पण कातडीतला बिघाड मुलात जात नाही. बीजातला तेवढा जातो. प्रत्येक नवजात बाळात आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, आणि बहुतेकांनी काही बिघडत नाही. यातले बरेचसे वडिलांकडचे असतात, हे आपल्या समस्त सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. पुरुषात मात्र उतरवणं आयुष्यभर चालू राहतं, आणि वयाबरोबर निसटलेली अक्षरंही वाढतात.

भाचीचं अक्षर मात्र नवं नव्हे. ते फार पूर्वी कुणाच्या तरी बीजात बदललं आणि पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं उतरत आलं. वाहकांना मलेरियाचा जोर कमी बाधतो, म्हणून ते टिकलंही. आपण लग्नं जवळच्याच घरांत करतो, त्यामुळे तेच अक्षर दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. तपासलं तेव्हा ताईचा रिपोर्ट स्वच्छ निघाला, दाजींचा नाही. दाजी ठणठणीत, रोज पहाटे डोंगर चढतात.

एक वाहक असला तर घाबरण्यासारखं काही नाही. दोघेही असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. "पहिलं तसं झालं, आता पुढची तीन चांगली" असा हिशोब नसतो. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. त्या बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लग्नानंतरही तपासता येतं, अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते." ताई गप्पच झाली. ती तपासणी केली आणि उत्तर वाईट आलं, तर पुढचा प्रश्न काय असतो हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मुंगी वाचवून चालणाऱ्या घरातल्या मुलीवर तो प्रश्न का येऊ द्यायचा? ज्यांच्यावर आला त्यांना मी नावं ठेवणार नाही, मला तो अधिकार नाही. पण सुपारीआधी दोघांचं थोडं रक्त दिलं तर तिथवर जायची वेळच येत नाही. पत्रिका बघायला आपण दोन महिने घालवतो.

ताईला हे लपवायचं होतं. "मोडलं तर?" भाची म्हणाली, "मोडलं तर मोडू दे, मावशी, तूच फोन कर." मी केला. मुलाच्या आई आधी घुटमळल्या, मग म्हणाल्या, "आमच्याही धाकट्या जाऊबाईंचं रक्त कायम कमीच असतं हो." मुलाचं ए-टू २.६ आलं. लग्न माघात आहे.

आता भाचीचा धाकटा भाऊ राहिलाय, त्याची शक्यता अर्धी-अर्धी. परीक्षा झाल्यावर जातो म्हणतो. दाजींच्या दोन्ही भावांनाही कळवलंय, त्यांच्या मुली लग्नाच्या आहेत. तुमच्याकडे कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नसेल, तर डॉक्टरांना एचपीएलसीबद्दल विचारा. उपाशीपोटी जावं लागत नाही, आणि लोह भरपूर असताना केलेली ही तपासणी सहसा जन्मात एकदाच करावी लागते.